सडात तेल सोडू का?

वाचकाचं पत्र, नाव-गाव काढून थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंकडे नऊ एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाई आहेत, धार बकेट मशीनवर काढतात. त्यातली एक तिसऱ्या वेताची, वीस लिटरची गाय, व्याल्यापासून तिचं मागचं डावं सड सारखं सुजतंय आणि दुधात गुठळ्या येतात. आतापर्यंत तीनदा सडात सोडायच्या अँटिबायोटिकच्या ट्यूबा झाल्या. दोन दिवसांत दूध साफ दिसतं, मग ट्यूबा थांबतात आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. मध्यंतरी डेअरीवर पट्टी टेस्टमध्ये अँटिबायोटिक सापडलं आणि अख्खा कॅन परत आला. आता दिराने मोबाईलवर व्हिडिओ दाखवलाय की ओरेगॅनोचं आणि लवंगेचं इसेन्शियल ऑइल सिरिंजने सडात सोडलं की अँटिबायोटिकसारखंच काम करतं, बाटल्याही मागवून झाल्यात. सासरे म्हणतात कोरफड-हळद लावा, नवरा म्हणतो गाय विकून टाकू. ताई विचारतात, तेल किती थेंब सोडायचं, ते नैसर्गिक असल्यामुळे दूध त्याच दिवशी डेअरीला घालता येईल ना, आणि खराब दूध वासरांना पाजलं तर चालेल का.

ताई, थेंबांचं उत्तर आधी देते कारण बाटल्या घरात आल्यात आणि आज रात्री सड सुजलं तर तुम्ही माझं बाकीचं वाचायला थांबणार नाही. एकही थेंब सडात सोडू नका. नुसतं नको, खोबरेल तेलात मिसळून नको, कोमट पाण्यात हलवून तर अजिबात नको.

आता कारण. व्हिडिओवाले सगळंच खोटं बोलतात असं नाही. ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल, आपल्या ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, गवती चहातलं सिट्राल, हे सगळे घटक प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कासदाहाचे, म्हणजे कास सुजवणाऱ्या मस्टायटिसचे, जंतू मारतात. स्टॅफ ऑरियस, स्ट्रेप्टोकोकस, ई. कोलाय, सगळ्यांवर प्रयोग झालेत, आणि बऱ्याच ठिकाणी रिझल्ट चांगले आहेत. ही तेलं जंतूच्या बाहेरच्या चरबीयुक्त पापुद्र्यात घुसतात, तो पापुद्रा गळका होतो, आतला माल बाहेर येतो आणि जंतू मरतो. इथपर्यंत व्हिडिओ बरोबर.

पण बशीत दूध नसतं ना. तेलाला चरबी आवडते म्हणून ते जंतूच्या पापुद्र्यात घुसतं, आणि दुधात तर चरबीच चरबी, तुमच्या गाईचं साडेतीन-चार फॅटचं दूध धरलं तरी सोडलेलं तेल जंतूला शोधत बसत नाही, सरळ फॅटच्या कणांत जाऊन बसतं, उरलेलं दुधातल्या प्रोटीनला चिकटतं. म्हणून बशीत जेवढ्या तेलात काम झालं त्याच्या कितीतरी पट तेल दुधात लागतं. हिशोब करून बघा. वीस लिटरची गाय म्हणजे एका वेळेला दहा लिटर, म्हणजे एका सडाच्या वाट्याला साधारण अडीच लिटर. समजा दहा थेंब सोडले, तर ते जेमतेम अर्धा मिली. अडीच लिटरमध्ये अर्धा मिली म्हणजे 0.02 टक्के. दुधात काम व्हायला समजा अर्धा टक्का तेल लागलं, तर साडेबारा मिली शुद्ध तेल एका सडात जायला हवं. तुम्ही म्हणाल धार काढून रिकाम्या सडात सोडू, पण कास कधी पूर्ण रिकामी होत नाही आणि धार काढून झाल्या झाल्या दूध पुन्हा उतरायला लागतं.

बरं, तेवढं तेल घातलं तर? जंतूला जसा पापुद्रा आहे तसाच गाईच्या दूध बनवणाऱ्या पेशींनाही आहे, आणि तेलाला त्यातला फरक कळत नाही. लवंगेच्या तेलाचा एक थेंब जिभेवर ठेवला तर कसं भाजतं ते आठवा, आणि कासेच्या आतलं अस्तर जिभेपेक्षा नाजूक असतं. आतून भाजलं की सूज वाढते, दुधात उतरणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात, आणि त्या भागात दूध बनवणाऱ्या पेशींच्या जागी गाठ धरली तर ते सड या वेतात तरी भरून येत नाही.

शिवाय दुसरी भीती आहे, मला ती तेलापेक्षाही जास्त वाटते. बाटली निर्जंतुक नसते, सिरिंज घरातली, हात गोठ्यातले. सडाच्या तोंडाला निसर्गाने एक बारीक झडप आणि मेणासारखं बूच दिलंय, ते ओलांडून आपण स्वतःच्या हाताने घाण आत ढकलतो. अशा घरगुती उपचारांनंतर यीस्टचा (एक प्रकारच्या बुरशीचा) कासदाह होतो, सुडोमोनास नावाचा चिवट जंतू आत जातो, आणि यीस्टवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, आणि सुडोमोनासवर तर ही सुगंधी तेलंही फारशी चालत नाहीत. म्हणजे आज जो रोग निदान ओळखीचा आहे त्याच्या जागी अनोळखी आणून बसवायचा. डॉक्टरांची ट्यूब सोडतानासुद्धा सडाचं टोक स्पिरिटच्या कापसाने पुसायचं असतं आणि नळी पूर्ण आत न खुपसता टोकापुरती घालायची असते, ते याचसाठी.

आता हे व्हिडिओ येतात कुठून तेही समजून घ्या, कारण तिथल्या शेतकऱ्याची अडचण आणि तुमची अडचण एक नाही. अमेरिकेत ऑर्गॅनिक दुधाचे राष्ट्रीय नियम 2002 पासून लागू आहेत आणि त्यात गाईला एकदा अँटिबायोटिक दिलं की ती गाय ऑर्गॅनिक कळपातून कायमची बाद. म्हणून तिथले लोक थाइमचं तेल, ज्येष्ठमध वगैरे घातलेल्या हर्बल ट्यूबा वापरून बघतात. पण त्याच नियमात असंही लिहिलंय की ऑर्गॅनिकचा शिक्का वाचवण्यासाठी आजारी जनावराचा उपचार रोखायचा नाही, हे व्हिडिओत कोणी सांगत नाही. आणि खऱ्या गाईंवर त्या ट्यूबांच्या चाचण्या झाल्या तेव्हा काहीच उपचार न केलेल्या सडांपेक्षा त्या स्पष्टपणे सरस ठरलेल्या नाहीत. तिथल्या औषध प्रशासनाने कासदाहासाठी अशा एकाही हर्बल ट्यूबला मंजुरी दिलेली नाही.

मग लोकांना गुण येतो तो कसा, असं दीर विचारतील. येतो ना! ई. कोलायचा सौम्य कासदाह पुष्कळदा गाय स्वतःच परतवून लावते, आणि दुधात गुठळ्या दिसून सॅम्पल लॅबला जाईपर्यंत त्यात जंतूच सापडत नाही असं तर कितीतरी वेळा होतं. त्या वेळी तेल सोडलं असेल तर तेलाला श्रेय, अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला. आणि स्टॅफ ऑरियस असेल तर तो मध्ये मध्ये स्वतःच दबतो, दूध आठवडा-दोन आठवडे छान दिसतं, आणि पुन्हा उठतो. तुमच्याकडे ट्यूबांनी "दोन दिवसांत बरं" झालं, त्यातही थोडं हेच असू शकतं.

इथे मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबायचंय. तुम्ही लिहिलंय, "अँटिबायोटिक आता आमच्या गाईला लागूच पडत नाही." ताई, अजून हे ठरायचंय. तीनदा ट्यूबा झाल्या पण तीनदाही दूध साफ दिसलं म्हणून अर्ध्यावर थांबल्या, आणि जंतू कोणता याची तपासणी एकदाही झाली नाही. दूध साफ दिसणं आणि सड साफ होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टी असेल तर साध्या पेनिसिलिनच्या ट्यूबने, कोर्स पुरा केला तर, बहुतेक सडं बरी होतात. स्टॅफ ऑरियस असेल तर तो कासेच्या आत बारीक गळवं करून, पेशींच्या आत शिरून बसतो, तिथे औषध पोचत नाही, आणि जुनं दुखणं, जास्त वेतं झालेली गाय, मागचं सड, हे तिन्ही असेल तर कोणत्याही ट्यूबचा भरवसा कमी होतो. तुमच्या गाईचं सगळं वर्णन मला याच्याकडे झुकलेलं वाटतं पण मी इथे बसून शिक्का मारणार नाही, सॅम्पल सांगेल.

तर पहिलं काम सॅम्पल. पुढच्या वेळी सड सुजलं की ट्यूब सोडायच्या आधी, हे "आधी" महत्त्वाचं आहे. सड धुऊन कोरडं करा, पहिल्या तीन-चार पिळा टाकून द्या, सडाचं टोक स्पिरिटच्या कापसाने कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुसा, निर्जंतुक बाटली आडवी तिरकी धरा म्हणजे वरून शेणाचा कण किंवा केस पडणार नाही, बाटलीचं तोंड सडाला लावू नका, आणि थोडंसं दूध घेऊन लगेच बर्फात. त्याच दिवशी लॅबला पोचवा. तुम्हाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, नाहीतर पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, जाण्याआधी तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या. सांगताना कल्चर आणि अँटिबायोटिक सेन्सिटिव्हिटी दोन्ही हवं म्हणून सांगा, म्हणजे कोणता जंतू आणि कोणतं औषध त्याला मारतं ते दोन्ही कागदावर येईल. एका परत आलेल्या कॅनचे पैसे आठवले तर हा खर्च तुम्हाला जड वाटणार नाही.

दुसरं, बाकीच्या आठ गाई. सुप्त कासदाहात सूज नाही, गुठळ्या नाहीत, फक्त दूध हळूहळू कमी, आणि तीच गाय मशीनच्या रबरावरून शेजारणीला देते. सीएमटीचं (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचं) चार वाट्यांचं पॅडल आणि द्रावण घ्या, महाग नसतं. ते मिळेपर्यंत कपडे धुवायची पावडर लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम विरघळवा, प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत, तेवढंच द्रावण घाला आणि वाटी गोल गोल फिरवा. चांगलं दूध पाण्यासारखंच फिरत राहतं. बिघडलेलं आधी तळाशी तार धरतं, मग चिकट होतं, आणि फारच बिघडलं असेल तर मधोमध जेलीचा गोळा जमतो, वाटी तिरकी केली तर तो एकदम सरकून येतो. दुधातल्या या पेशी मिलीला दोन लाखांच्या पुढे गेल्या की सड बिघडलंय असं जगभर धरतात, आणि ही साधी टेस्ट साधारण तिथूनच बोलायला लागते. महिन्यातून एकदा सगळ्या गाईंची करा आणि वहीत लिहा, कोणती गाय, कोणतं सड.

तिसरं तुमचं मशीन, आणि यावर मी जरा जास्त बोलणार कारण पत्रात मशीनबद्दल एक शब्द नाही. सडकपातली रबरं शेवटची कधी बदलली? साधारण 2500 धारांनंतर रबर बदलायचं असतं. नऊ गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला 18 धारा एकाच रबरातून, म्हणजे साडेचार महिन्यांत रबर संपलं. बाहेरून ते नवंच दिसतं पण आतून त्याला बारीक चिरा पडतात, त्यात दूध आणि जंतू बसतात, आणि ढिलं रबर सडाला नीट दाबून सोडत नाही. उद्या सकाळी धार काढून कप काढलात की लगेच सडाचं टोक उजेडात बघा. टोकाला पांढरट, खडबडीत कडं आलं असेल, किंवा सड निळसर आणि कडक दिसत असेल, तर मशीन जास्त वेळ लागतंय किंवा व्हॅक्यूम जास्त आहे. मशीन काढताना आधी व्हॅक्यूम बंद करता की तसंच ओढून काढता? ओढून काढलं तर दुधाचे थेंब उलटे सडात उडतात, जंतूसकट. कितीही भारी औषध सोडा, सकाळ-संध्याकाळ असं चाललं तर नवीन जंतू आत जातच राहणार.

या गाईची धार सगळ्यात शेवटी काढा. सडं पुसायला एकच फडकं नऊ गाईंना नको, प्रत्येकीला वेगळं, किंवा कागद. धार झाली की लगेच अर्धा टक्का आयोडीनच्या द्रावणात, ज्यात ग्लिसरीन असतं त्यात, सड पूर्ण बुडवा, स्प्रे नको कारण मागची बाजू कोरडी राहते. आणि गव्हाणीत वैरण, आंबोण धार झाल्यावर टाका म्हणजे गाय अर्धा-पाऊण तास उभी राहील, कारण धारेनंतर सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं आणि ती लगेच शेणात बसली तर सगळं पाण्यात. आपल्याकडे बऱ्याच घरी आंबोण धारेच्या वेळीच देतात, गाय शांत राहते म्हणून. थोडं तेव्हा द्या, उरलेलं नंतर, दोन्ही साधेल.

आता सासऱ्यांचं. ते पूर्ण बरोबर नाहीत पण तुमच्या दिरांपेक्षा जास्त बरोबर आहेत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कासदाहासाठी जो लेप सांगतं तो साधारण त्यांच्याच तोंडचा आहे: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम, एकत्र वाटायचं, लालसर होतं, त्यातलं मूठभर घेऊन पाण्यात पातळ करायचं आणि धार पूर्ण काढून, कास धुऊन, सगळ्या कासेला वरून लावायचं, दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. सोबत रोज दोन लिंबं कापून खायला. सूज आणि दुखणं कमी व्हायला हे बरं आहे, आणि यातलं काहीही सडाच्या आत जात नाही, म्हणून मला ते चालतं. दर धारेआधी धुऊन काढा, दुधात हळद नको. मात्र लेप लावला म्हणून सॅम्पल टाळायचं नाही. आणि गाय खात नाही, अंगात ताप, दूध पाण्यासारखं पिवळट, कान गार, किंवा सड थंड आणि काळंनिळं पडतंय असं दिसलं तर लेप, तेल, गुगल काही नाही, तडक डॉक्टर, नाहीतर 1962 या नंबरवर फोन लावा, जनावरांच्या डॉक्टरांचं फिरतं पथक येतं. अशा गाईच्या हातात दिवस नसतात, तास असतात.

दुखणं कमी करायला डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतील. कपाटात जुनं डायक्लोफेनॅक पडलं असेल तर ते देऊ नका, 2006 पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, ते दिलेली गाय मेली आणि गिधाडांनी खाल्ली की गिधाडं मरतात. विषयांतर झालं, पण गोठ्यांत अजून दिसतं म्हणून लिहिलं.

मग बाटल्यांचं काय करायचं. ओरेगॅनो आणि लवंग कातडीलाही झोंबतात, सडावर नको. दूध वास पटकन धरतं, डेअरीवाल्याच्या नाकाला लवंग लागली तर कॅन पुन्हा परत. गवती चहाचं किंवा सिट्रोनेलाचं तेल मिळालं तर 100 मिली खोबरेल तेलात एक मिली असं करून पाठीवर, पायांवर माश्यांसाठी लावा, आधी थोड्या जागेवर लावून दिवसभर बघा. माश्या कमी झाल्या की सडावरच्या जखमा कमी होतात, इसेन्शियल ऑइलची गोठ्यातली खरी जागा मला ही वाटते. ब्रिटनमध्ये पुदिन्याच्या तेलाचं मलम कासेला बाहेरून चोळतात, व्याल्यावरच्या सुजेला आपल्याकडेही तसली हर्बल जेल मिळतात, त्याला माझी हरकत नाही.

"नैसर्गिक म्हणून दूध त्याच दिवशी" हे मात्र डोक्यातून काढा. अँटिबायोटिकच्या ट्यूबवर किती दिवस दूध घालायचं नाही ते लिहिलेलं असतं, कारण कोणीतरी ते मोजलंय. सडात सोडलेल्या लवंगेच्या तेलासाठी तसं कोणी मोजून बाटलीवर लिहिलेलं नाही, म्हणजे तुम्हाला थांबायचं किती हेच माहीत नाही. आणि कासदाहाचं दूध मुळातच विकायचं नसतं, उपचार कोणताही असो. तुमचा कॅन परत आला त्याचा राग मला समजतो, पण त्यात दोष ट्यूबचा नव्हता, दिवस मोजले गेले नव्हते. ट्यूब सोडली त्याच मिनिटाला गाईच्या पायाला लाल पट्टी बांधा आणि शेवटच्या ट्यूबनंतर लेबलवरचे दिवस भरल्यावरच सोडा. घरात धार काढणारी माणसं बदलतात, पट्टी सगळ्यांना दिसते.

नवऱ्यांचं "विकून टाकू" मी लगेच उडवून लावणार नाही. रिपोर्टमध्ये स्टॅफ ऑरियस निघाला, पुरा कोर्स करूनही परत आला, तर ते एक सड मुद्दाम आटवून तीन सडांवर गाय चालवता येते, आणि गाय आटवताना डॉक्टर लांब मुदतीची ट्यूब देतात तेव्हा बरं होण्याची शक्यता भर दुधात असतानापेक्षा जास्त असते. म्हणजे या वेताचे उरलेले महिने तीन सडांवर काढा आणि पुढच्या वेताआधी एक संधी तिला द्या. दोन-तीन सडांत पसरलं असेल तर मात्र तिला ठेवून बाकीच्या आठ गाई धोक्यात घालण्यात अर्थ नाही. आणि तिच्या जागी नवी गाय बाजारातून आणाल तेव्हा पैसे देण्याआधी चारही सडांची वाटीतली टेस्ट तिथेच करा, विकणारा चिडला तरी चालेल.

वासरांना ते दूध पाजू नका. जंतूही जातात आणि अर्धवट औषधही जातं, त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू वासरांच्या पोटात तयार होतात, आणि कालवडी एकमेकींची सडं चोखत असतील तर तोंडातला जंतू सरळ तिथे. गोठ्याच्या गटारीतही ओतू नका. लांब खड्डा करा, चुना टाका, त्यात ओता.